मला शोधू नका

"बाई, माझी धाकटी बहीण मरणाच्या दारात आहे आणि तुमचा हवालदार म्हणतोय, ती मजा करतेय!"

थोरली बहीण इन्स्पेक्टरच्या टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. 

"मॅडम, फोटो आजच आलाय," हवालदार म्हणाला. "खिडकीत बसलीय, बाहेर डोंगर. 'थोडी शांतता हवी होती. मला शोधू नका.' खाली लोकांनी ढीगभर लाल बदाम पाठवलेत. हरवलेली माणसं असले फोटो टाकतात होय?"

इन्स्पेक्टरला तो फोटो नवा नव्हता. लाखो लोकांसारखी तीही रोज सकाळी या मुलीचे व्यायामाचे व्हिडिओ बघत हातपाय हलवायची. 'औषधाविना ठणठणीत' हे मुलीचं ब्रीद होतं.

"ताई, धोका कसला आहे तिला?"

"छकुलीला लहानपणापासून मधुमेह आहे. रोज इन्सुलिन टोचून घेते. परवा सकाळी घराबाहेर पडली ती परत आलीच नाही. सगळी इंजेक्शनं फ्रिजमध्ये पडून आहेत."

"हिला? आजार?" इन्स्पेक्टरच्या तोंडून निघून गेलं.

"बघा. तुम्हीसुद्धा," बहीण म्हणाली.



छकुलीचा नवरा वेल्डर होता. व्हिडिओत कधीमधी कोपऱ्यात दिसायचा, कपाळाला आठ्या घालून. लोकांनी त्याचं नाव 'खडूस' ठेवलं होतं. खरं सांगायचं तर इन्स्पेक्टरनंही मनातल्या मनात तेच ठेवलं होतं. बहिणीला घेऊन त्याच्या घरी पोचल्यावर पायाखाली काचा करकरल्या. याच्या जाचामुळंच ती निघून गेली असं समजून कुणीतरी दगड मारून खिडक्या फोडल्या होत्या.

"भांडण झालं होतं?"

"नाही."

"मग तक्रार का केली नाही?"

"दोनदा आलो होतो. काल तुमची माणसं म्हणाली, येईल परत. आज फोटो दाखवून घालवलं."

"व्हिडिओत कायम चिडलेले दिसता."

"दिवसभर ठिणग्यांपुढं असतो. त्यांच्या त्या शूटिंगच्या दिव्यांत डोळे उघडत नाहीत माझे." त्यानं फ्रिज उघडून दाखवला. इंजेक्शनांचे खोके जसेच्या तसे होते. "अटक करायची तर करा, पाया पडतो. पण आधी तिला शोधा."

इन्स्पेक्टर बहिणीकडे वळली. "तिच्या तब्येतीचं काही कळायला मार्ग आहे?"

"दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली असते. ती साखर मोजते. तिचा फोन त्याच खोलीत असला की आकडा फोनवर जातो आणि तिथून माझ्याकडे येतो. परवापासून काहीच नव्हतं. आज सकाळी माझा फोन एकदाच वाजला."

"किती?"

"आकडाच नाही. मोजता येत नाही इतकी जास्त." बहिणीनं इन्स्पेक्टरचा हात धरला. "पण म्हणजे सकाळी जिवंत होती ना हो?"

"नंतर?"

"नंतर पुन्हा गप्प."

इन्स्पेक्टरनं फोटो मोठा केला. दंड उघडा होता, गुळगुळीत, त्यावर काहीही नव्हतं. मग तिनं खिडकीची काच मोठी केली. काचेत तोच दंड अंधुक दिसत होता आणि त्यावर एक गोल चकती होती.

"फोटोंचं काम कोण बघतं?"

"तिची मैत्रीण. भागीदार आहेत दोघी. छकुलीला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मैत्रिणीच्या शूटिंगच्या जागेबाहेर गर्दी उसळली होती. आत दिव्यांच्या झोतात बसून ती कॅमेऱ्यापुढं रडत होती. "परत ये गं, आम्ही सगळे वाट बघतोय…"

नवरा आत आलेला दिसताच ती ताडकन उठली. "याला इथं कशाला आणलंत?"

"दोन प्रश्न. तिला काही आजार होता?"

"आजार? तिला साधी सर्दी होत नाही हो!"

"तुम्ही सकाळी कुठं होता?"

"इथंच! पहाटेपासून लाइव्ह आहे. हजारो साक्षीदार आहेत माझे. मध्ये पाणी प्यायला आत गेले, तेवढीच काय ती हलले."

"ही मागची खोली कसली?"

"आवाज रेकॉर्ड करायची. किल्ली हरवलीय."

इन्स्पेक्टरनं कॅमेरा बंद केला आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडीतून तुमची हत्यारं आणा. कुलूप तोडा. आणि हवालदार, ॲम्ब्युलन्स बोलवा."

"अहो, हे काय चाललंय?" मैत्रीण दाराकडे धावली. हवालदारानं तिला अडवलं.

कुलपावर घाव बसू लागले. इन्स्पेक्टर भराभर बोलत होती.

"सकाळच्या फोटोत दंडावरची चकती पुसलीय. काचेतली पुसायची राहिली. तिचे फोटो तुम्हीच साफ करता. म्हणजे ती चकती तुम्ही शेकडो वेळा पाहिलीय, आणि मला सांगता, तिला सर्दीसुद्धा होत नाही. खोटं कशासाठी?"

मैत्रिणीनं हवालदाराचा हात झटकून पाहिला.

"आज चकतीनं एकदाच निरोप दिला आणि पुन्हा गप्प झाली. फोन तिच्यापाशी असता, तर निरोप येतच राहिले असते. म्हणजे कुणीतरी फोन घेऊन तिच्याजवळ गेलं आणि परत आलं. फोन तुमच्याकडे आहे, तुम्हीच तिच्या नावानं फोटो टाकताय. पहाटेपासून तुम्ही या जागेतून हलला नाहीत, याला हजारो साक्षीदार आहेत. मग ती दुसरीकडे असेलच कशी?"

कुलूप निखळलं. आवाज अडवणारं जाड गादीचं दार उघडलं.

छकुली जमिनीवर मुटकुळं करून पडली होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले, श्वास खोल आणि घाईघाईचा. शेजारी पाण्याची रिकामी बाटली. नवरा गुडघ्यांवर बसला. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पाठोपाठ आलेल्या बहिणीनं फ्रिजमधून आणलेलं इंजेक्शन काढलं, पण इन्स्पेक्टरनं तिला थांबवलं. डॉक्टर जिना चढत होते.

"उद्या आमचा 'औषधं सोडा' वर्ग सुरू होणार होता," मैत्रीण भिंतीला टेकून म्हणाली. "परवा ही म्हणाली, सगळं खरं सांगून टाकते. मी हिला इथं कोंडलं, म्हटलं, दोन दिवस शांत बस. एवढंच. मारायचं नव्हतं मला."

"इन्सुलिनविना ती कशी राहील, हे सुचलं नाही?"

मैत्रिणीनं पहिल्यांदाच कॅमेऱ्याऐवजी माणसाकडे पाहिलं.

"खरंच सांगते, नाही सुचलं. रोज तिचे तेच फोटो बघून बघून… मला वाटलं, हिला काय होतंय! काढेल दोन दिवस."

डॉक्टरांनी सलाइन लावलं. "आत्ता काही विचारू नका," ते पुटपुटले, मग बहिणीचा चेहरा बघून म्हणाले, "वाचेल बहुतेक. पण चला, लवकर!"

स्ट्रेचर फाटकातून बाहेर आलं तसे शेकडो फोन वर झाले. लाइव्ह मध्येच बंद पडलं होतं, त्यामुळं आत काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त स्ट्रेचरमागून येणारा खडूस दिसला. पहिली चप्पल त्याच्या खांद्यावर बसली.

"माझ्या मागून या," इन्स्पेक्टर म्हणाली आणि दोन्ही हातांनी गर्दी कापत निघाली. नवरा ॲम्ब्युलन्समध्ये चढला. बायकोची गार पावलं त्यानं तळहातांत धरली आणि चोळू लागला. दार लागलं, गाडी निघाली, तरी बाहेरून आवाज येतच होते, "खुनी! खुनी!"