मागे राहिलेल्या दोन नळ्या

सोमवारी सकाळी मंदाकिनी आगाश्यांचा फोन आला तेव्हा गोपाळकृष्ण चहा गाळत होते.

"गोपाळ, तुझी पुतणी तपासाची कामं घेते ना? तिला घेऊन ये. प्रयोगशाळेत चोरी झालीय. आमची भाग्यश्री पोलिसांत निघाली होती, मी थांबवलंय."

मंदाकिनी त्यांची कॉलेजातली मैत्रीण. रक्ताच्या कर्करोगात मोठं नाव. ल्युकेमिया झालेल्या मुलांमधला एक जनुकीय दोष तिने शोधला होता. तो असलेली मुलं जास्त दगावतात, असा तिचा निष्कर्ष. तेव्हापासून दोष सापडला की डॉक्टर त्या मुलाला जहाल औषधं देत. तिची ओळख सांगताना गोपाळकृष्णांचीच छाती फुगायची.

पुतणी सलोनीचं ऑफिस नारायण पेठेत. तिला घेऊन ते बिबवेवाडीतल्या प्रयोगशाळेत पोचले.

फ्रीझरमधलं जुन्या रक्तनमुन्यांचं खोकं रविवारी नाहीसं झालं होतं. सगळा शोध त्याच नमुन्यांवर उभा होता.

"किल्ल्या कोणाकडे असतात?" सलोनीने विचारलं.

"माझ्याकडे, भाग्यश्रीकडे आणि तेजसकडे," मंदाकिनी म्हणाली. "तेजसशी शुक्रवारी माझं वाजलं होतं. रजेवरून."

तंत्रज्ञ भाग्यश्री डोळे पुसत होती. "नशीब, त्या खोक्यातल्या दोन नळ्या शेजारच्या खोक्यात सापडल्या. त्या दोन मुलांचा आजार उलटलाय, सध्या पुन्हा उपचार चालू आहेत, असं मॅडमनी मागाहून सांगितलं. आम्हाला कसं कळणार? नळ्यांवर नुसते आकडे. कुठला आकडा कोणाचा, ते फक्त मॅडमना ठाऊक."

मग तेजस आला. यवतमाळचा, पीएच.डी. करणारा. सलोनीने तोंड उघडण्याआधीच गोपाळकृष्ण बोलले, "रजा मिळाली नाही म्हणून बाईंचं आयुष्यभराचं काम पळवलंस? छान. तुमच्याकडे गुरुदक्षिणा अशीच देत असतील."

तेजसचा चेहरा उतरला. "रजा मी मागितलीच नव्हती, सर. जुने नमुने नव्या यंत्रावर पुन्हा तपासू द्या म्हणत होतो. हल्लीच्या मुलांमध्ये तो दोष असला तरी ती जास्त दगावत नाहीत, जहाल औषधं न मिळालेलीसुद्धा. मॅडम चिडल्या, पण शेवटी म्हणाल्या, सोमवारी सुरू कर."

"आणि सोमवारी नमुने नाहीत. सोयीस्कर आहे," गोपाळकृष्ण म्हणाले.

"कोणाच्या सोयीचं, काका?" सलोनीने शांतपणे विचारलं. तेजसला आणि भाग्यश्रीला तिने बाहेर थांबायला सांगितलं आणि मंदाकिनीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"नमुने गेले तर तेजसचंच नुकसान. त्याला ते तपासायचे होते. मग ते तपासले जाऊ नयेत असं कोणाला वाटेल? तरीही मला खात्री नव्हती. खात्री झाली त्या दोन नळ्यांमुळे. चोराने घाईत असूनही उपचार चालू असलेल्या मुलांचे नमुने बाजूला काढून ठेवले. नुसत्या आकड्यांवरून ते ओळखू शकणारी व्यक्ती एकच आहे."

गोपाळकृष्ण हसले. "काहीतरीच काय."

मंदाकिनी हसली नाही.

"आणि काकांना बोलावलंत," सलोनी म्हणाली, "कारण ते तुमच्यावर कधीच संशय घेणार नाहीत."

मग मंदाकिनी टेबलाकडे बघत म्हणाली, "दोष एकाच मुलात होता. त्याचं रक्त दगावलेल्या बाकीच्या मुलांच्या नळ्यांत मिसळलं गेलं, म्हणून तो सगळ्यांत दिसला. माझ्याच हातून. ध्यानात आलं तोवर सत्कार होऊन गेले होते. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले."

"आणि मुलं जहाल औषधं घेत राहिली," सलोनी म्हणाली.

"हो."

"खोकं फेकलंत?"

"नाही. घरी फ्रीजमध्ये आहे. त्यातली कितीतरी मुलं आता नाहीत गं. त्यांच्या आयांनी विश्वासाने दिलेलं रक्त आहे ते. टाकवलं नाही."

गोपाळकृष्णांना तिच्याकडे बघवेना. तिची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःची.

सलोनीने फोन तिच्यापुढे सरकवला. "आधी हॉस्पिटलला कळवा. स्वतःच्या तोंडाने."

मंदाकिनीने नंबर फिरवला. "मी डॉक्टर आगाशे," म्हणताना तिचा आवाज पार बसला होता.

गोपाळकृष्ण बाहेर आले. तेजस भिंतीला टेकून उभा होता. जे घडलं ते त्यांनी त्याला सांगितलं. मग म्हणाले, "मघाशी मी जे बोललो, ते..."

"ते राहू द्या, सर. खोकं मॅडमच्या घरी आहे ना? नमुने वितळले असले तरी डीएनए मिळेल. आज लागलो तर लवकर काहीतरी सांगता येईल डॉक्टरांना."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"चल, मी गाडीने नेतो," एवढंच ते म्हणाले, आणि मान खाली घालून त्याच्या मागोमाग जिना उतरू लागले.