मागे घेता न आलेली रिक्वेस्ट

कुणी विश्वास ठेवावा, असा माझा आग्रह नाही. परंतु यातील एकही गोष्ट मी रचलेली नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडले तो शुन माझा शेजारी आहे, आणि पदरचे काही जोडून सांगण्याचा त्याचा स्वभाव नाही.

तैवानमधील ताइनान शहर. तिकडच्या चांद्र पंचांगातील सातव्या महिन्यातील भर दुपार.

या महिन्यात पितर आणि निराधार आत्मे मोकळे हिंडतात. म्हणून कुणी कुणाला पाठीमागून हाक मारीत नाही. मारलीच, तर ऐकणारा वळून पाहत नाही.

पेइचुन ही शुनच्या कार्यालयातील मुलगी. एका देवळासाठी तिने वेबसाइट बांधली होती. दिवंगताचे नाव लिहायचे आणि बटण दाबायचे. नाव देवळातील सर्व्हरकडे जाई, तेथे पिवळ्या कागदावर छापले जाई, आणि पूजेच्या वेळी मोठ्याने पुकारले जाई. पान उत्तरासाठी खोळंबून राहत नसे. रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरला केलेली ही विनंती, मागच्या मागे निघून जाई. उत्तर आले, की कोपऱ्यात ‘नोंद झाली’ अशी अक्षरे उमटत.

संध्याकाळी देवळाची मंडळी काम पाहण्यास येणार होती. आणि सकाळपासून उत्तर म्हणून येत नव्हते.

कोपऱ्यात एक चक्र फिरत होते...

फिरतच होते.

तिने बटण पुन्हा दाबले. पुन्हा दाबले. सगळा कोड उलटापालटा करून पाहिला आणि पुन्हा दाबले. मग वैतागून ती पडद्यालाच शिव्या देऊ लागली.

“ओरडून सर्व्हर ऐकत असता,” शुन शेजारून म्हणाला, “तर माझी बायको केव्हाच मोठी इंजिनियर झाली असती.”

तो हसत हसत तिच्या पडद्याकडे वाकला...

आणि त्याचे हसू थांबले.

“हे नाव कुणाचं?”

नाव तिच्या वडिलांचे होते. त्यांच्या नावातील एक अक्षर इतके दुर्मिळ, की पुष्कळ यंत्रे ते गिळून टाकीत. ते सुखरूप पोचले, तर कोणतेही नाव पोचेल. म्हणून प्रत्येक नवे पान ती प्रथम त्याच नावाने तपासून पाही.

वडील जिवंत होते. च्याई नावाच्या दुसऱ्या शहरात एकटे राहत होते.

“पेइचुन,” शुन हळू आवाजात म्हणाला, “हा पत्ता सरावाच्या सर्व्हरचा नाही. खऱ्या देवळाचा आहे.”

तिने साऱ्या रिक्वेस्ट रद्द केल्या. चक्र नाहीसे झाले.

शुनला मात्र धीर आला नाही. रद्द केल्याने आपण फक्त उत्तर ऐकणे थांबवतो, हे दोघांनाही ठाऊक होते. जे एकदा सुटले, ते सुटले.

तिने देवळात फोन लावला. तेथील म्हातारा सेवेकरी आधीच चिडलेला होता. सकाळपासून वीज नाही, सर्व्हर बंद, छपाईयंत्र बंद, असे त्याने सुनावले. एकही नाव आलेले नव्हते.

तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

मग... इतका वेळ ते नाव जात कोठे होते?

तिने वडिलांना फोन केला. ती काही बोलण्यापूर्वीच ते कडाडले.

“सकाळपासून किती हाका मारतेस गं? भाजीच्या वाफ्याला पाणी घालतोय, तर पाठीमागून तुझा आवाज. तोही पूर्ण नाव घेऊन. बापाचं नाव घ्यायला लाज नाही वाटत?”



“बाबा... तुम्ही वळलात?”

“एवढा खुळा वाटलो का तुला?”

पलीकडे खुर्ची सरकली.

“थांब जरा. आता दारातून हाक येतेय. तू दारात आहेस का?”

“बाबा, दार उघडू नका.”

फोनमधून कडी सरकल्याचा आवाज आला...

“कुणीच नाही,” ते म्हणाले.

त्याच क्षणी शुनने तिच्या खांद्याला स्पर्श केला. त्याने पडद्याकडे बोट केले. रद्द केलेल्या पानाच्या कोपऱ्यात अक्षरे उमटली होती.

नोंद झाली.

संध्याकाळपर्यंत देवळातील वीज आली आणि देवळाची मंडळीही आली. पान विनातक्रार चालले. पुढे देवळातील सर्व्हर तपासला. वडिलांचे नाव तेथे कधी पोचलेच नव्हते.

तिने त्यांना ताइनानला आणून आपल्यापाशी ठेवले. प्रकृती उत्तम आहे. भूकही चांगली आहे. केवळ एवढेच, की त्यांना काही विचारले तर ते गप्प राहतात. विचारणारा दुसऱ्या कामाला लागतो, आपण काय विचारले हेही विसरतो... आणि मग उत्तर येते.

परवा शुन त्यांच्याकडे जेवायला होता. कुणी काही बोलत नव्हते. वडिलांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या, बंद दाराकडे तोंड केले आणि शांतपणे म्हणाले,

“हो. एवढं जेवून येतो.”

तेव्हापासून पेइचुन त्यांची वाटी रिकामी होऊ देत नाही.