तिया केरोबिनाच्या हातची नोंद

आवेलिनाने प्रार्थनेचं पुस्तक टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही. कडेवरची पोर तापाने फणफणली होती.

"आयरीनबाय, मला वाढवणारी तिया केरोबिना गेली. तिने यात लिहिलेलं खरं आहे एवढं सिद्ध करा. नाहीतर तिचे भाचे, आमचे मालक रॉकपात्राव, मला घराबाहेर काढतील."

आयरीन कुलासो मडगावात खाजगी तपास करायची. सोबत भाऊ बॉस्तियांव. तो नेहमी दोन पावलं मागे. पुस्तक त्यानेच उघडलं. पहिली पानं फाटलेली. शेवटच्या कोऱ्या पानावर, जिथे घरोघरी बाप्तिस्मे नि मरणं लिहितात, तिथे थरथरतं अक्षर : 'आठ डिसेंबर १९५६. आवेलिना आजपासून माझी मुलगी. हे घर तिचं. केरोबिना.'

"तीस वर्षांपूर्वीचं! मग झालंच की काम," बॉस्तियांव म्हणाला.

"मिस्सेची पानं काढ," आयरीन म्हणाली.

त्याने काढली. सगळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोकणीत. पाद्रीच्या प्रत्येक वाक्याखाली लोकांनी द्यायचं उत्तर.

"हे तर आपण दर रविवारी म्हणतो. यात काय बघायचं?"

आयरीनने ती उत्तरं पुन्हा वाचली.

केरोबिनाचा भाचा रॉक भडकला. "हिनेच लिहिलंय ते! पोसायला आणलेली पोर ही. तियाने, माझ्या आत्याने, जेवू घातलं, भांडी घासून घेतली. मुलगी कसली?"

चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सांतानने चष्मा पुसला. "अक्षर तियाचंच. गेल्या वर्षी मेलेल्यांच्या मिस्सेसाठी नावं दिली, तो कागद बघ. असाच हात कापायचा."

"छप्पन साली मिस्सा कशी असायची?" आयरीनने विचारलं.

"पाद्री पाठमोरा, सगळं लॅटिन. उत्तरं वेदीपाशी आम्ही दोघं मदतनीस द्यायचो. बाकीचे बसायचे जपमाळ ओढत."

संध्याकाळी केरोबिनाच्या दिवाणखान्यात आयरीनने दोघांना समोर बसवलं.

"रॉक, आवेलिनाने काही लिहिलेलं नाही. अक्षर तुमच्या आत्याचं आहे."

आवेलिनाचा चेहरा उजळला. आयरीनने मान खाली घातली.

"पण छप्पन साली मिस्सा लॅटिनमध्ये होती, लोक उत्तरं देतच नव्हते. असं पुस्तक तेव्हा छापलंच नव्हतं. छपाईचं साल दिसू नये म्हणून तियाने पहिली पानं फाडली. आणि हा कापरा हात गेल्या वर्षीचा. तारीख खोटी आहे."

"पण असं का करेल ती?" बॉस्तियांवने विचारलं.

"तीस वर्षं मुलीला स्वयंपाकघरात जेवायला बसवलं, हे गावापुढे कबूल करायची लाज. पहिल्या दिवसापासून मुलगी मानली असं दिसायला हवं होतं. खरी तारीख घालून, साक्षीदार बोलावून लिहिलं असतं तर काही करता आलं असतं."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर?" आवेलिनाने विचारलं.

"यांचा वकीलही दर रविवारी मिस्सेला जातो, बाय. कोर्टात पहिल्याच दिवशी ओळखेल, आणि खोटा कागद केल्याचा आळ तुझ्यावर येईल."

रॉकने हात पुढे केला. "किल्ली."

तिने दिली.

पायऱ्या उतरताना बॉस्तियांव पोरीला घ्यायला वाकला. आवेलिनाने पोर त्याच्याकडे दिली नाही.