नाव घातलेला ग्लास

बसा खाली. लाईट काही एवढ्यात येत नाही. सोहम, संध्याकाळी तू वर्गणी मागायला कमळाबाईंकडे गेलास, त्यांनी पाणी पुढे केलं, आणि तू विचारलंस, "फिल्टरचं आहे का?" जिन्यात उभा होतो मी. ऐकलं. हसू नकोस राजसी, तूही तेच केलंस, फक्त नाक मुरडून. म्हणून आज तुम्हाला यज्ञेशची गोष्ट सांगतो. इकडून तिकडून ऐकलेली नाही. तो स्वतः याच गच्चीवर, त्या टाकीला टेकून मला सांगून गेलाय. अण्णा तिखटमीठ लावतात असं मागाहून म्हणायचं नाही.

गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. सोमवार होता. रात्री अकराच्या सुमारास यज्ञेशने इथून, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून, मोटारसायकल काढली आणि वांगणीचा रस्ता धरला. काम किरकोळ. एका घरी जायचं, एक हिरवी वायर जोडायची आणि परत यायचं. बायकोला, वृंदाला, सांगितलं, "कस्टमरची कम्प्लेंट आहे, अर्जंट. आलोच." खांद्याला बॅग, बॅगेत पकड, टेस्टर, नवा तीन पिनांचा प्लग. झालं.

कस्टमर मेलेली होती, हे त्याने वृंदाला सांगितलं नाही.

तर हा यज्ञेश पाण्याचे फिल्टर विकायचा. गळ्यात टाय, आणि टायच्या वर जे होतं त्याला डोकं म्हणायचं तर म्हणा. घरात शिरला की दोन ग्लास मांडायचा. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत लोखंडी सळ्या बुडवायचा आणि प्लग लावायचा. मिनिटभरात तुमचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर गाळाची साय. त्याचं आपलं स्वच्छ. बाया तोंडाला पदर लावायच्या. "हे तुम्ही मुलांना पाजता, मॅडम?" अरे लबाडा, तो गंज पाण्याचा नाही, तुझ्या सळीचा! पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि सळी झिजते. तुझ्या पाण्यात क्षारच नाहीत, तर होणार काय, कपाळ? पण लोकांना शेंडी लावायला एवढं पुरत होतं. आणि गंमत बघा, हा दीडशहाणा स्वतःही त्या सळीवर विश्वास ठेवून बसला होता. कुणाच्या घरी पाण्याला शिवायचा नाही. वांगणीला तर नाहीच नाही. "बोअर का पानी पीनेवाली पब्लिक," असं म्हणायचा, नाकाने कांदे सोलत.

वांगणीला त्या नव्या स्वस्तातल्या बिल्डिंगी झाल्यात ना, त्यातल्या एकीत तळमजल्यावर शालनवहिनी राहायच्या. आमच्या अंबरनाथच्या कंपनीतल्या किसनची बायको. किसन गेल्यावर एकट्याच. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. आत स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी, अशी घासलेली की तिच्यात बघून भांग पाडावा. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. 'सौ. शालन'. किसन गेला तरी भांड्यांवरचं 'सौ.' राहिलं, ते कोण पुसणार? त्या घरचं पाणी मी कितीदा प्यायलोय. अजून जिवंत आहे, बघताय ना?

यज्ञेश तिथे पहिल्यांदा गेला तेव्हा वहिनींनी आधी पाणी आणून दिलं. त्याने फोटोकडे पाहिलं. ग्लासाकडे पाहिलं. म्हणाला, "नको मावशी, घाई आहे."

"का रे? आमच्या हातचं नको?"

"तसं नाही हो मावशी. तुमच्या पाण्यात टीडीएस फार आहे."

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. तो आजही गळ्याची शपथ घेऊन सांगतो की मनात दुसरं काही नव्हतं. नसेल. मी एवढंच म्हणतो, टीडीएस हा शब्द नवा आहे, रोग जुना आहे.

वहिनी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "पाण्याला हात लावायला आमच्या माणसांनी महाडला डोकी फोडून घेतली, आणि तू सळी बुडवून मला पाणी शिकवतोस?" असं तोंडावर सुनावलं. पण लागायचं ते मनाला लागलंच. आठवड्याभरात त्यांनीच फोन करून मशीन मागवलं. स्वतःसाठी नाही रे. आपल्या दारातून कुणी कारण सांगून तहानलेला परत जाऊ नये, म्हणून.

आता बसवलं कसं ते ऐका. भिंतीला ड्रिल मारायचा साहेबांना कंटाळा, म्हणून मशीन ठेवलं थेट मांडणीवर. ओट्यावरचा बोर्ड दोन भोकांचा, मशीनचा प्लग तीन पिनांचा. बोर्ड बदलावा? छे! त्याने प्लगच कापून टाकला. दोन वायरी भोकांत घातल्या, वर काडेपेटीच्या काड्या खोचल्या. तिसरी उरली ती हिरवी, अर्थिंगची. ती दुमडून मागे सारली.

"ही कशाची रे?" वहिनींनी विचारलं.

"एक्स्ट्रा आहे, मावशी."

एक्स्ट्रा! माणसाचा जीव वाचवायला कंपनीने घातलेली वायर, आणि हा अकलेचा कांदा तिला एक्स्ट्रा म्हणतो.

निघताना वहिनींनी त्याला अडवलं. "पहिला ग्लास तू पिऊन जा. आता तर तुझ्याच मशीनचं आहे." तो म्हणाला, पहिली टाकी ओतून टाकायची असते. "मग दुसरीतला पी. थांब जरा." तर हा काय म्हणाला? "नको मावशी, घाई आहे. उद्या येतो."

आला नाही. वहिनींनी शेजारच्या भिमाबाईंना सांगून ठेवलं होतं, तो पोरगा पाणी प्यायला येणार आहे म्हणून. सकाळी पहिली टाकी ओतली, दुसरी भरली, आणि त्याच्यासाठी ग्लास काढायला मांडणीला हात लावला. मशीनच्या आत कुठेतरी वायर घासली होती. करंट मशीनच्या पत्र्यात उतरला, पत्र्यातून मांडणीत, मांडणीतून भांड्याभांड्यात. हिरवी वायर जोडलेली असती तर जमिनीत गेला असता. भिमाबाईंना त्या दिसल्या तेव्हा ग्लास मुठीतच होता. सोडवता सुटेना.

विक्रांत, वहिनींचा भाचा, त्याने तक्रार केली. वीजवाल्यांनी लाईन तोडली, मीटर काढून नेला, दाराला कुलूप लागलं. मंगळवारी सकाळी सरकारी इन्स्पेक्टर मशीन बघायला येणार होता. हे कळल्यावर यज्ञेशने नवा प्लग विकत आणला. त्याच्यामुळे एक बाई जिवानिशी गेली म्हणून नाही हं. आपण आत जाणार म्हणून. हिरवी वायर नव्या प्लगात जोडलेली सापडली की सुटलो, मग दोष घराच्या वायरिंगचा, असा त्याचा हिशेब. बुद्धपौर्णिमेला सगळी गल्ली विहारात असणार, म्हणून रात्र निवडली तीही तीच. लाज म्हणून काही?

चांदणं टिपूर होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. घरांवर निळे झेंडे, पंचशीलाचे झेंडे, आणि वारा पडलेला. तो मागल्या बाजूने गेला. मशीनचं वाया जाणारं पाणी बाहेर काढायला त्यानेच मागच्या दाराशेजारच्या खिडकीच्या जाळीला भोक पाडलं होतं. त्यातून हात घातला, कडी काढली. आत गेला.

मोबाईलची बॅटरी लावली. सगळं जागच्या जागी. मांडणी लखलखत होती. ताटं, वाट्या, ग्लासांची ओळ. ओळीत एक जागा रिकामी.

त्याने आधी टेस्टर लावून पाहिला. मांडणीला, मशीनला, बोर्डाला. दिवा लागला नाही. लागणार कसा? घरात वीजच नव्हती. मग निवांत बसला. काड्या उपसल्या, वायरी सोलल्या, प्लग उघडला. लाल जोडली. काळी जोडली. हिरवी मागे दुमडलेली होती, ती ओढून पुढे घेतली.

आणि मशीनचा निळा दिवा लागला.

वायरी त्याच्या हातात होत्या. तिन्ही. उघड्या प्लगात लोंबत. तरी दिवा लागला. मग मोटर सुरू झाली... घुर्रर्र... नेहमीची. रोज दहा घरांत ऐकायचा तो आवाज.

तो हलला नाही.

आत पाणी भरत होतं. मग थांबलं. मग नळातून धार पडायला लागली. स्टीलवर पडल्यासारखी. त्याने हळूच बॅटरी वर केली. नळाखाली ग्लास होता. मघाशी नव्हता.

पुढच्या खोलीतून आवाज आला. रागाचा नाही. घरी आलेल्या माणसाला विचारतात तसा.

"आलास?..."

त्याने वायरी सोडून टेस्टर उचलला.

"...पाणी घे."

तेव्हा तरी घ्यावं की नाही? हात पुढे करावा, चुकलो म्हणावं, एक घोट घ्यावा. काय गेलं असतं त्याच्या बापाचं? पण जन्माची खोड. तोंडातून निघून गेलं...

"नको मावशी... घाई आहे."



मग मांडणी वाजायला लागली. आधी वाट्या. मग ताटं. बारीक थरथर... सगळी भांडी... आणि टेस्टर त्याच्या हातात होता. कशालाच लावलेला नाही. टोक हवेत.

टेस्टरचा लाल दिवा पेटला होता.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, ते त्या रात्री त्याला समजलं. टेस्टर टाकला, पकड टाकली, बॅग टाकली. दार उघडं टाकून धावत सुटला. गाडीला किक मारली ती बदलापूर येईपर्यंत मागे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं होतं. हे तो मला तीनतीनदा सांगत होता. "अण्णा, हात रिकामे होते माझे. दोन्ही."

घरी आला. वृंदा झोपलेली. घसा कोरडा ठाक पडलेला, म्हणून आधी स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला.

ओट्यावर स्टीलचा ग्लास होता. बारीक टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. 'सौ. शालन'.

सकाळी वृंदा उठली तेव्हा तो त्या ग्लासासमोर फरशीवर बसलेला होता. तहानेने ओठ फुटलेले, पण पाण्याला शिवला नव्हता. त्या पाण्याला नाही, कुठल्याच नाही. तिकडे वांगणीला इन्स्पेक्टरला अर्धवट जोडलेला प्लग सापडला, शेजारी याची बॅग, बॅगेत याच्या नावाची कार्डं. लपवायला गेलेला चोर स्वतःचा पत्ता ठेवून आला होता! पोलीस दारात आले, आणि त्यांनी काही विचारायच्या आत हा घडाघडा बोलायला लागला. काड्यांपासून हिरव्या वायरीपर्यंत सगळं. केस चालू आहे. जामिनावर सुटला तेव्हा आला होता माझ्याकडे. मी पाणी विचारलं. दोन्ही हातांनी ग्लास घेतला, आणि असा घटाघटा प्यायला की निम्मं पाणी टायवर.

काय म्हणालास, सोहम? घाबरून त्यानेच उचलून आणला असेल, आणि आता आठवत नसेल?

असेल बाबा. तुम्ही शिकलेली माणसं. वृंदासुद्धा आधी तेच म्हणाली. मी तिलाही विचारलं, तुलाही विचारतो. वांगणी ते बदलापूर रस्ता तू पाहिलायस. ते खड्डे, ते उखडलेले स्पीडब्रेकर. त्यावरून रात्री, मोटारसायकलवर, जीव घेऊन पळणारा माणूस.

आणि वृंदा सांगते, सकाळी तो ग्लास ओट्यावरून उचलताना तिच्या बोटांवर पाणी आलं. इतका काठोकाठ भरलेला होता. आणि खाली ओटा कोरडा.