अकराव्या मैलावर उभी मोटार

शेकोटीत पऱ्हाटीच्या दोन काड्या टाका अजून, आणि जवळ सरकून बसा. भगवंता, मघाशी तू हसत हसत सांगितलंस की बडनेऱ्याच्या रस्त्यावर कोणाची तरी मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि तू तुझी लॉरी तशीच पुढं काढलीस. तेव्हा मी गप्प बसलो. आता सांगतो. हे माझ्यावर गुदरलेलं नाही, खुशालरावावर गुदरलेलं आहे. नांदगाव पेठेला त्याचा आणि माझा संत्र्यांचा मळा बांधाला बांध लागून होता. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

सन एकोणीसशे एकोणचाळीस, माघ वद्य नवमी. दिवस मावळताना मी त्याच्या मळ्यात गेलो तर तो टोपलीत संत्री रचत होता. मूर्तिजापूरकडचा त्याचा दोस्त जानराव आजारी होता. दुखणं वाढलंय, भेटून जा, असा सांगावा आला होता.

"आता रात्रीचा कुठी निघतं? सकाळी जाय ना," मी म्हटलं.

"नाई. आजच जातो. दीड वर्ष झालं, सांगीन सांगीन म्हणून राह्यलो."

"काय सांगशीन?"

तो मोटारीच्या पायरीवर बसला, आणि मग त्यानं मला ते सांगितलं. त्याआधी त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तुम्हाला आज गल्लीगल्लीत मिस्त्री सापडतो. तेव्हा अमरावतीत मोटारी होत्याच किती! मोटारवाले हेच एकमेकांचे मिस्त्री. दर रविवारी पाच-सहा जण कापसाच्या बाजाराजवळ एका लिंबाखाली मोटारी घेऊन जमायचे. ज्याच्या मोटारीची तक्रार असेल तिच्याभोवती सगळे उभे राहायचे, कान लावायचे आणि आपापलं औषध सांगायचे.

"पलग पाह्य आधी. ठिणगी पडून राह्यली का?"

"पलग कालच घासले ना बाप्पा."

"मंग बॅटरी मेली."

"तुह्या डोक्याची मेली असन! भोंगा वाजून राह्यला, आयकू नाई येत?"

"सासरवाडीले नेली व्हती ना? नजर लागली. लिंबू बांध."

असं चालायचं. पण एक रीत त्यांनी पाळली होती. रस्त्यात बॉनेट उघडी मोटार दिसली की थांबायचं. ओळखीची असो, नसो. दिवस असो, रात्र असो.

जानराव काळ्या रानातला मोठा कास्तकार. हंगामात त्याची मोटार जिनिंगच्या दारात उभी असायची आणि रुईचे तंतू तिच्या अंगभर बसायचे. एका रविवारी तो म्हणाला, पेट्रोलमध्ये रुई जाऊन राहिली, पेट्रोलच्या नळीचा जेट घडीघडी तुंबतो. सगळ्यांनी डोकी खाजवली. खुशालराव म्हणाला, "टाकीच्या झाकणाले बारीक भोक असते, तिथूनच जात असन. म्या माया मोटारीचं मेणानं बुजवलं. दोन महिने झाले, हूं नाई का चूं नाई."

सगळ्यांना पटलं. जानरावानं तिथल्या तिथं मेण आणून भोक बुजवलं. खुशालरावानं स्वतः अंगठ्यानं ते नीट दाबून दिलं.

ते भोक कशाला असतं, हे त्या पाच-सहा जणांत एकालाही ठाऊक नव्हतं. टाकीतून पेट्रोल निघालं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. हवा आली नाही की पेट्रोल अडतं. मोटार तीन मैल चालते आणि मरते. घटकाभर थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, चालू होते, पुन्हा तीन मैलांवर मरते. खुशालरावाच्या मोटारीचं झाकण जुनं, खुळखुळं. त्याच्या कडेनं हवा जायची, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. जानरावाचं झाकण नवं होतं. घट्ट.

पंधरा दिवसांनी जानरावाची लेक मनकर्णा अडली. पहिलं बाळंतपण, माहेरी आली होती. सुईणीनं संध्याकाळीच हात टेकले. मूर्तिजापूरहून आगगाडी होती, ती निघून गेलेली. जानराव म्हणाला, आपली मोटार आहे ना, अमरावतीला बायांच्या दवाखान्यात दीड तासात पोचतो. टाकी त्यानं दुपारीच काठोकाठ भरली होती. म्हणून वाटेत ती उघडून पाहायचं त्याच्या मनात आलं नाही.

तीन मैलांवर मोटार बंद पडली. मग चालू झाली. मग बंद. लिंबाखाली जे जे ऐकलं होतं ते सगळं त्यानं कंदिलाच्या उजेडात करून पाहिलं. बडनेऱ्याच्या अलीकडे अकराव्या मैलाच्या दगडाशी ती शेवटची थांबली. त्या रात्री त्या रस्त्यानं दुसरी मोटार आली नाही. पहाटे एक बैलगाडी आली. तोवर मनकर्णा गेली होती. पोटातलं पण.

जानरावानं ती मोटार भंगारात काढली. भंगारवाल्यानं तिचे तुकडे तुकडे केले, खुशालरावानं डोळ्यांनी पाहिले. पण जानराव रविवारी लिंबाखाली येत राहिला. आगगाडीनं यायचा, स्टेशनावरून पायी. कोणी नवा मोटारवाला दिसला की त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारायचा, "भाऊ, तीन मैल चालते अन् बंद पडते. थांबलं का चालू होते. काय बिघडलं असन?"

सगळे खाली बघायचे.

सहा महिन्यांनी अकोल्याच्या एका मिस्त्रीनं खुशालरावाची मोटार उघडली. झाकणावरचं मेण नखानं खरवडलं आणि तो हसत सुटला. "शेटजी, मोटारीचं नाक कोणं दाबलं हे? झाकण घट्ट असतं तर तीन मैलाच्या वर गेली नसती!"

खुशालराव तिथंच मातीत बसला.

त्यानंतरही जानरावानं त्याला पुष्कळदा विचारलं. दर वेळी हा म्हणाला, "काय माईत रे." दीड वर्ष.

एवढं सांगून तो उठला, टोपली मागच्या सीटवर ठेवली आणि निघाला.

बडनेऱ्याच्या स्टेशनावरून गेला तेव्हा घड्याळात साडेनऊ झाले होते. पुढं रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंनी बाभळी. चांद उगवायला अजून वेळ होता. थंडी होती म्हणून त्यानं कानाला फडकं बांधलं होतं. जानरावापुढं पहिला शब्द कोणता बोलायचा, याचाच तो विचार करत होता.

अकराव्या मैलाच्या अलीकडे त्याला उजेड दिसला. कंदिलाचा. जमिनीवर ठेवलेला.

मोटार उभी होती. तोंड अमरावतीकडे. बॉनेट उघडं. एक माणूस आत वाकलेला.

खुशालरावानं रीतीप्रमाणं मोटार थांबवली. इंजन चालूच ठेवलं.

"काय झालं भाऊ?"

माणसानं मान वर केली नाही.

"तीन मैल चालते अन् बंद पडते."

…आवाज ओळखीचा होता.

खुशालराव जवळ गेला. मोटार पाहिली. डाव्या मडगार्डाला पोचा होता. तो पोचा त्याला माहीत होता. ती मोटार आता नव्हती. कुठंच नव्हती.

मागच्या सीटवर कोणीतरी गोधडी घेऊन पडलं होतं.

"काका…" गोधडीतून आवाज आला. "काका, लौकर पाहा ना…"

स्वतःच्या मोटारीकडे त्यानं एकदा वळून पाहिलं. इंजन चालू होतं. दहा पावलं…

"पलग घासले," तो माणूस म्हणाला. "तार पाह्यली. जेट फुकला. समदं केलं." हात फडक्याला पुसले. "खुशाल, काय बिघडलं असन?"

कंदील फडफडला.

मागून कण्हणं ऐकू आलं. बारीक. दाबलेलं.

"झाकण," खुशालराव म्हणाला. "टाकीचं झाकण… म्याच सांगतलं व्हतं तुले. बुजव म्हणून. मले मागून समजलं. पण तुह्या तोंडाकडं पाहून… नाई सांगतलं. चुकलं जानराव. माया हातानं झालं."

बाभळीचं पान हललं नाही. त्याला वाटलं आता हा मान वर करेल. आणि त्या चेहऱ्याकडे बघावं लागेल…

मान वर झाली नाही.

"मंग उघड ना," जानराव म्हणाला. एवढंच. रागानं नाही. लिंबाखाली म्हणायचा तसंच.

खुशालराव मागं गेला. झाकण बर्फासारखं गार. एका हातानं फिरेना. दोन्ही हात लावले. फिरलं.

सूंऽऽऽ…

हवा आत जाऊ लागली. जातच राहिली. तो मला म्हणाला, एवढी हवा कुठल्याच टाकीत मावत नाही. तो झाकण हातात धरून उभा राहिला, आणि ती जात राहिली… आणि मग थांबली.

पुढून हँडल फिरल्याचा आवाज आला. एकदाच. मोटार चालू झाली.

जानरावानं बॉनेट पाडलं, कंदील उचलला. "तू हो समोर," म्हणाला. "गोदा एकटी हाये घरी."

मोटार अमरावतीकडे निघाली. मागचा तांबडा दिवा दिसत होता. एक मैल गेला असेल, दोन मैल… तीन मैल. बंद पडली नाही.

खुशालराव गावात पोचला तेव्हा जानरावाच्या अंगणात माणसं बसली होती. कंदील टांगलेला. गोदाबाई, जानरावाची बायको, भिंतीला टेकून बसली होती.

"दिवेलागणीलेच गेले भाऊजी," ती म्हणाली. "तुमची लय वाट पाह्यली. खुशाल आला का, खुशाल आला का…"

खुशालराव तिच्यापुढं जमिनीवर बसला. सगळ्या माणसांच्या देखत त्यानं सांगितलं. मेणाचं. भोकाचं. दीड वर्षाचं. रस्त्यावर काय पाहिलं ते नाही सांगितलं. गोदाबाई भिंतीपासून पुढं सरकली.

"त्याईले सांगतलं का?" तिनं विचारलं.

"सांगतलं."

कधी, ते तिनं विचारलं नाही. पदर तोंडाला लावला आणि ती रडली. लेक गेली तेव्हापासून ती रडली नव्हती, असं बाया म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं आटोपून खुशालराव परतला. घरी गेलाच नाही. सरळ माझ्या मळ्यात आला. "चाल," एवढंच म्हणाला. मी मोटारीत बसलो. वाटेत त्यानं रात्रीचं सगळं सांगितलं. त्यानं मला अमरावतीला, बायांच्या दवाखान्यावर नेलं. येताना तिथं थांबून आला होता.

फाटकावरचा नत्थुजी आम्हाला पाहून पुढं आला. वयस्क माणूस, डोळे लाल.

"पाहा बाप्पा, तुमीच पाहा. अकराचे ठोके पडून राह्यले व्हते. भोंगा वाजला. म्या फाटक उघडलं. मोटार माया अंगावरून गेल्यासारखा वारा आला, गरम वारा, पेट्रोलचा वास. पण काईच नाई. म्या म्हटलं, मले झोप लागली असन. सकाळी पाह्यतो तर हे."

आदल्या दिवशी अंगणात नवा मुरूम टाकून वर पाणी मारलं होतं. नत्थुजीनं सकाळपासून झाडू लावू दिला नव्हता. कोणाचा पाय पडू नये म्हणून चहूकडून विटा मांडल्या होत्या.

मी वाकून पाहिलं. फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत चाकांचे दोन छाप होते. सरळ, खोल, ओले. पायरीशी येऊन ते थांबले होते.

परत गेल्याचे नव्हते.