नाडीचा जुना ठसा

बोटांच्या ठशांची नक्कल करणं पोरखेळ झालं, तेव्हा सरकारने नाडीठसा सक्तीचा केला. रक्ताची लाट मनगटापर्यंत कशी चढते आणि कशी ओसरते, याचा तो आलेख. दोन माणसांचा कधी सारखा येत नाही. घराचं दार असो की गाडीचं स्टिअरिंग, हात लागला की ते माणूस ओळखायचं.

निहार बेडेकरला मात्र वर्षभर स्वतःच्या घराचं दारही ओळखेना. हृदयाची झडप बदलल्यापासून त्याची नाडीच बदलली होती. म्हणून नवी नोंद करायला तो बायकोला, शलाकाला घेऊन डॉक्टर किल्लेदारांकडे आला होता. ऑपरेशन तो सहा वर्षं टाळत होता. शेवटी शलाकानेच हट्टाने करायला लावलं.

"झडप बदलली तर नाडी का बदलावी?" तिने विचारलं.

"जुनी झडप कडक झाली होती," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्याशा फटीतून रक्त ढकलून हृदयाची भिंत जाड झाली होती. नाडी बारीक, रेंगाळणारी. आता वाट मोकळी झाली, भिंत पातळ झाली, धमन्यांत पूर्वीसारखी जोरकस लाट येते. तरुणपणचंच हृदय परत आलंय म्हणा ना."

शलाका मनापासून हसली. निहारने मनगट यंत्रावर ठेवलं.

पडद्यावर 'जुनी नोंद सापडली' असं आलं. डॉक्टरांनी सवयीने मोठ्याने वाचलं. "सव्वीस वर्षांपूर्वी, पसरणी घाट. चोरीच्या गाडीच्या स्टिअरिंगवरचा ठसा. धडक देऊन चालक फरार. मृत, ओजस राजेशिर्के..."

ओजस शलाकाचा एकुलता भाऊ. त्याच्या दिवसांना आलेल्या निहारशी तिची ओळख झाली होती. त्या काळी गाडीचं स्टिअरिंग ठसा नुसता टिपून ठेवायचं, कुणाला अडवायचं नाही; पुढे प्रत्येकाचा ठसा सक्तीचा झाला तेव्हा निहारची झडप आवळत चालली होती. म्हणून इतकी वर्षं काहीच जुळलं नव्हतं.

"डॉक्टर, ही नोंद पुसता येते?" निहारने विचारलं.

"ती पोलिसांकडे आपोआप जाते. गेलीसुद्धा."

शलाका निहारकडे वळली. भाऊ उरला नाही म्हणून ती दर भाऊबीजेला गच्चीवर चंद्राला ओवाळायची. तिने निहारचं मनगट हातात घेतलं.

"वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून हाच हात आडवा धरायचास ना रे?"

तिच्या बोटांखाली नाडी ठणठणीत चालली होती. ती तिनेच हट्टाने बरी करून घेतली होती.