फणसाखालचा डबा

त्या रविवारी रचना भाकरीचं फडकं घेऊन रानात आली, तेव्हा एक अनोळखी माणूस त्यांच्या बांधाच्या दगडांत खांद्यापर्यंत हात घालून पालथा पडला होता.

"हात काढा!" ती ओरडली. "नाग हाय तिथं!"

नाग वगैरे काही नव्हता. पण माणूस असा काही उडाला, की टोपी चिखलात आणि स्वतः रताळ्याच्या वेलात. रचनाला हसू आवरेना. गणपती जाऊन आठ दिवस झाले तरी आभाळ दाटलेलंच होतं, धड पडत नव्हतं की धड उघडत नव्हतं. बेळगुंदीच्या रानात अशा दिवसांत हसण्यासारखं फारसं काही घडत नाही.

"खरंच... नाग?" तो डोळे बारीक करून तिच्याकडे बघत म्हणाला.

"असंल. नसंल. तुम्ही कोण ते आधी सांगा."

तो होता संघर्ष कांबळे. मूळचा निपाणीचा, बेळगावात पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. हातात कड्यांच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. जिओकॅशिंग म्हणून एक खेळ असतो, त्यानं सांगितलं. जगभर लोक असे डबे लपवतात, जागा फोनमधल्या नकाशावर टाकतात आणि दुसरे लोक शोधत येतात. डब्यात एक वही असते. डबा सापडला, की वहीत सही करायची, तो होता तसा ठेवायचा आणि निघून जायचं.

"आणि मिळतं काय?"

"काय न्हाय."

"एवढं चिखल तुडवत यायचं, आणि काय न्हाय?"

"सापडला... एवढंच मिळतं," तो म्हणाला आणि लाजला. "पण मी परवानगी घेतलीया हां! मालकाला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा न्हाय, पहिला नियम हाय तो. त्या म्हशी राखणाऱ्या अण्णांना विचारलं. ठेवा की म्हणाले."

रचनानं कपाळावर हात मारला. "रवळूअण्णा? अहो, त्यांनी तुम्हाला समोरचा डोंगरबी दिला असता. रान आमचं हाय."

दुसरा कुणी असता तर गुपचूप पाय काढता घेतला असता. यानं शर्टाची माती झटकली आणि विचारलं, "मग मालक कुठं भेटतील?"

मालक, म्हणजे रचनाचे आप्पा, मारुतीराव, पलीकडच्या वाफ्यात रताळी काढत होते. संघर्षनं त्यांच्यासमोर उकिडवं बसून सगळे नियम सांगितले. डबा पुरायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, देवळात ठेवायचा नाही, आत खायचं काही घालायचं नाही, नाहीतर मुंग्या आणि कोल्हे येतात. आणि ज्यानं डबा ठेवला त्यानं जवळपास राहायचं, भिजला-फुटला तर बघायला यायचं. लांब जायची वेळ आलीच, तर जवळच्या कुणाच्या तरी नावावर करायचा, नाहीतर उचलून न्यायचा. टाकून जायचं नाही.

आप्पांना हे शेवटचं फार पटलं. "कुणाचा तू?"

"धर्मराज कांबळ्यांचा. निपाणीला बुद्धविहाराच्या मागं आमचं घर. आज्जी तानीबाई, तंबाखूच्या वखारीत होती कामाला."

आप्पा क्षणभर थांबले. मग हातातल्या रताळ्याची माती पुसत म्हणाले, "ठेव. मालकानं वहीत सही केली तर चालती काय?"

"चालती की. पण आधी शोधाय लागंल."

"माझ्याच बांधात मला सापडायचा न्हाय व्हय!" आप्पा हसले.

असा तो डबा फणसाखाली, बांधाच्या कपारीत जाऊन बसला. आणि पुढच्या रविवारी संघर्ष त्याची देखभाल करायला आला. त्याच्या पुढच्या रविवारीही.

"डब्याला ताप आलाय काय?" रचनानं विचारलं. "दर आठवड्याला बघाय येताय."

"झाकण बघतो जरा... पाऊस लई हाय तुमच्याकडं."

"व्हय. आणि बेळगावात कडक ऊन पडलंय."

त्यानं सोबत आणलेलं छोटं पातेलं आणि नूडल्सची पुडी बाहेर काढली. रचनानं ती परत पिशवीत घालायला लावली. रताळ्याची काढणी चालू असताना पुडीतलं खायचं म्हणजे हद्दच झाली! काढून झालेल्या मोकळ्या वाफ्यात तिनं तीन दगड मांडले, खोपीतल्या कोरड्या काटक्या आणून पेटवल्या. जाळ धरल्याबरोबर त्यानं रताळी आत टाकायला घेतली, तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"जाळात न्हाय. जाळ बसू दे, निखारं होऊ देत. आत्ता टाकलं तर वरनं करपतंय आणि आत कच्चं राहतंय."

"मग तोवर काय करायचं?"

"बसायचं."

तोवर ते बसले. तिनं मिरच्या आणि कांदा भाजून सपाट दगडावर मीठ घालून ठेचला. फणसाच्या पानांवर पावसाची भुरभुर वाजत होती. निखाऱ्यातलं रताळं काढून तिनं मोडलं, अर्धं त्याला दिलं, आणि वाफेआडून तो आपल्याकडे पुन्हा डोळे बारीक करून बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"डोळं तपासलेत कधी? मंगळवारी दुकानात या."

ती बेळगावात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला होती. तो मंगळवारी खरंच आला. अंधाऱ्या छोट्या खोलीत उंच खुर्चीवर अवघडून बसला.

"समोर बघा. माझ्याकडं न्हाय, तक्त्याकडं."

"तक्ता... नीट दिसंना."

"आणि मी?"

"तू... तुम्ही दिसताय की."

तिच्या हातातलं भिंग उगाचच खाली पडलं. चष्म्याची चौकट तिनंच निवडली, काळी, जरा रुंद. ती घालून तो पुढच्या रविवारी आला आणि म्हणाला, या फणसाला एवढी पानं होती हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून 'तुम्ही' गळून पडलं.

एकच गोष्ट तिला खुपायची. निघताना तो आगीवर पाणी ओतायचा, राख हलवायचा, हाताची पालथी बाजू धरून ऊब राहिली नाही ना ते बघायचा, आणि तिन्ही दगड परत बांधावर नेऊन ठेवायचा. "आपण आलतो याची खूण ठेवायची न्हाय," म्हणायचा. नियम चांगलाच होता, पण दर रविवारी ते वाक्य ऐकून तिला उदास वाटायचं. तिला खूण हवी होती. एवढं बोलायला मात्र जीभ रेटत नव्हती, आणि तोही झाकणापलीकडे काही बोलत नव्हता.

पाच रविवार असे गेले.

सहाव्या आठवड्यात ती एका संध्याकाळी कामावरून आली, तर आई चुलीपुढे गप्प बसलेली.

"तो डब्याचा पोरगा आलता," यशोदाबाई म्हणाल्या. "पांढरा शर्ट घालून. तुला मागणी घालाय."

रचनाच्या हातून पिशवीच सुटली. "आप्पा काय म्हणालं?"

"रानात डबा ठेवलास, राहू दे म्हणालं. उंबऱ्याच्या आत जमायचं न्हाय."

"का?"

"तुला कळत न्हाय व्हय गं का ते?"

कळत होतं. आडनाव आणि घराची जागा पहिल्याच दिवशी सांगून झाली होती, आणि आप्पा क्षणभर थांबले होते तेही तिनं पाहिलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. आप्पांचा राग आला होताच, पण संघर्षचा जास्त आला होता. तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं त्यानं! तिनं त्याचे फोन उचलले नाहीत. आप्पांशी बोलणं टाकलं. घरात नुसते ताट-वाट्यांचे आवाज यायचे, आणि पत्र्यावर पावसाचा.

पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला. 'यादगीरला बदली झाली. सोमवारी हजर व्हायचंय. नियमाप्रमाणं डबा उचलायला रविवारी येतो.'

'नियमाप्रमाणं' या शब्दावर ती किती तरी वेळ अडून राहिली. मग रडली.

रविवारी ती त्याच्या आधीच रानात पोचली. खोप गळून काटक्या ओल्या झाल्या होत्या. तीन दगड मांडून ती फुंकत बसली. जाळ धरेना, धूर तेवढा निघत होता. बऱ्याच वेळानं कसेबसे निखारे झाले. तिनं रताळी त्यात सारली आणि तेवढ्यात तो आला. चष्म्यावर पावसाचे थेंब होते.

"धूर लागला काय डोळ्यांत?"

"न्हाय. रडते मी."

तो तसाच उभा राहिला. "आप्पांनी नको म्हटलं, रचना. मालकाची परवानगी नसंल तर तिथं..."

"मालक?" ती उठलीच. "रान आप्पांचं हाय. बांध आप्पांचा. ह्यो फणसबी त्यांचाच. मी काय रान हाय व्हय रं?"

तो एक पाऊल मागं सरला.

"त्या दिवशी रवळूअण्णाला विचारून आमच्या बांधात हात घातलास. आता आप्पांना विचारून माझा हात मागितलास. दर वेळी भलत्यालाच विचारतोस तू!"

संघर्षनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आमची आज्जी म्हणायची, कुणाच्या दारात चोरून जायचं न्हाय. ताठ जायचं, विचारून जायचं. त्या नादात... तुला विचारायचंच राहिलं. तू नको म्हणालीस तर, याची जास्त भीती वाटालती. आप्पांच्या नकारापेक्षा."

"मग आता ताठ विचार. मला."

पाऊस जरा वाढला होता. त्यानं एकदा फणसाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे. "तू मला लई आवडतेस, रचना. पहिल्या दिवशी नाग म्हणून ओरडलीस तवापास्नं. लगीन करशील माझ्याशी?"

"करीन."

"एवढ्या लगेच?"

"लगेच? पाच रविवार बसून होते की, निखारं व्हायची वाट बघत!"

ती हसली आणि तिला पुन्हा रडू आलं, कारण हे सगळं ठरूनही ठरल्यासारखं काहीच नव्हतं. तो त्याच रात्री जाणार होता. आप्पा नको म्हणाले होते. आप्पांना सोडून आनंदानं निघून जाणं तिच्यानं होणार नव्हतं.

संघर्षनं कपारीत हात घालून डबा काढला. मग तो डबा हातात फिरवत राहिला. "हे मी न्हाय लावलेलं."

झाकणाच्या कडेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी नीट कापून बसवली होती. आत टिपूसभर ओल नव्हती. त्यानं वही उघडली. चिकोडीच्या दोन मुलांची सही होती, पुण्याच्या एका सायकलवाल्याची होती, आणि मध्येमध्ये पेन्सिलीनं काढलेली मोठी, वाकडी अक्षरं.

'सापडला. मारुतीराव.'

'पाऊस. झाकणातनं पाणी जातंय. ट्यूब लावली. मारुतीराव.'

'पोरगा आलता. पोरगी लई दिवसांनी हसली. मारुतीराव.'

शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची होती.

'नको म्हटलं. पोरगा चांगला हाय. मीच गावाला भ्यालो. मारुतीराव.'

रचनानं ते दोनदा वाचलं. पंधरा दिवस ती ज्या माणसाशी बोलली नव्हती, तो पावसात एकटा येऊन इथं बसत होता. घरात जे कुणाला सांगता येईना, ते परक्यांच्या वहीत लिहून खाली सही करत होता. तिला आप्पांची फार दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली. तिनं पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'मी भीत न्हाय. रचना.'

संघर्षनं तिच्या हातून पेन्सिल घेऊन त्याखाली आपली सही केली.

"डबा उचलायचा न्हाय," ती म्हणाली. "माझ्या नावावर कर. जवळ राहणारी मी हाय की. तू यायचं, आणि मी नीट ठेवलाय काय ते बघायचं."

त्यानं तिथंच फोनवर नाव बदललं. तिनं निखाऱ्यातली रताळी बाहेर काढली, तसं सवयीनं त्यानं आगीवर पाणी ओतलं, राख हलवली, हात धरून पाहिला आणि दगड उचलायला वाकला.

"ते राहू देत," रचना म्हणाली. "आज खूण राहू दे."

तो गेला. गाडीचा आवाज उताराला लागेपर्यंत ती बांधावर उभी होती. मग पदरात चार गरम रताळी घेऊन घरी आली.

आप्पा पुढच्या सोप्यात उघड्या दारासमोर भिंतीला टेकून बसले होते. समोरच्या वाटेनं गावातली माणसं रानातून परतत होती, जाता जाता आत डोकावत होती. रचनानं रताळी त्यांच्यापुढे ठेवली.

"उचलला काय डबा?" आप्पांनी वर न बघता विचारलं. पंधरा दिवसांतलं पहिलं वाक्य.

"न्हाय. माझ्या नावावर केला." ती त्यांच्यासमोर बसली. "आप्पा, वही वाचली आम्ही. दोघांनीबी. मी त्याला हो म्हटलंय."

आप्पांचा हात रताळ्यावर थांबला. वाटेवरून दोघं-तिघं चालले होते. घरातलं काही बोलायचं असलं की आप्पा आधी दार लोटून घ्यायचे, ही त्यांची जन्माची सवय होती.

"दार लावू काय?" रचनानं विचारलं.

आप्पा रताळ्याची साल काढत राहिले.

"नको," ते शेवटी म्हणाले. "उघडं राहू दे."

मग रताळं मोडून अर्धं त्यांनी तिच्या हातात दिलं, आणि वाटेवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुट्टीला येईल तवा बांधावरनंच माघारी जाऊ नको म्हणावं त्याला. घरात ये म्हणावं."